जुन्या व्हॅनला मोठे इंजिन : यंत्र, घाट आणि कायदा

बुलढाणा जिल्ह्याची ओळख 'घाटावर' आणि 'घाटाखाली' या दोन शब्दांत करून दिली जाते. चिखली तालुक्यातील अमडापूर घाटावरचे. कापसाची जुनी बाजारपेठ असलेले खामगाव घाटाखालचे. या दोहोंच्या दरम्यान माल आणि माणसे वाहणाऱ्या गाडीस भरल्या अंगाने उतरावे आणि चढावे लागते. जुन्या व्हॅनचे इंजिन चढावर दम टाकू लागले की मोठे इंजिन बसवून घेण्याचा विचार तिच्या मालकाच्या मनात येणे स्वाभाविक होय. नव्या गाडीची ऐपत नसते, मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचे इंजिन गिअरबॉक्ससह स्वस्तात मिळते आणि मेस्त्री काम अंगावर घेण्यास तयार असतो. अशा गाड्यांतून शाळेची मुले, बाजारकरू आणि प्रसंगी रुग्णही प्रवास करीत असल्यामुळे हा प्रश्न केवळ मालकाचा राहत नाही.

चढ चढण्यास लागणारी शक्ती तीन गोष्टींवर अवलंबून असते : गाडीचे भारासह वजन, रस्त्याचा चढ आणि वेग. अडीच टन वजनाची गाडी वीस मीटरला एक मीटर अशा चढावर ताशी ३० किलोमीटर वेगाने न्यावयाची, तर केवळ चढासाठी सुमारे १४ अश्वशक्ती खर्ची पडते. वारा आणि टायरचे घर्षण यांचा हिशेब निराळा. तोच चढ ताशी ६० किलोमीटरने चढावयाचा झाल्यास ही गरज दुप्पट होते. म्हणजे खालच्या गिअरमध्ये सावकाश जाण्याची तयारी असेल तर लहान इंजिनही घाट चढू शकते. पूर्वी सहज चढणारी गाडी आता चढत नसेल, तर दोष बहुधा इंजिनाच्या आकाराचा नसून झिजेचा असतो. पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजल्याने दाब निसटतो, डिझेल पंप व नोझल बिघडल्याने इंधन नीट जळत नाही, क्लच प्लेट घसरते. इंजिन खोलून बोअर करून घेणे हा यावरील जुना आणि पुष्कळदा पुरेसा उपाय आहे.

मोठे इंजिन बसविणे म्हणजे एक यंत्र काढून दुसरे ठेवणे नव्हे. नव्या इंजिनाचा पीळ जुना क्लच व जुना गिअरबॉक्स सोसू शकत नाहीत, म्हणून गिअरबॉक्सही बदलावा लागतो. गिअरबॉक्सची लांबी निराळी असली की मागील चाकांकडे शक्ती नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडावा लागतो. हा जोड तोलून घेतला नाही तर शाफ्ट वेगात थरथरतो आणि कालांतराने तुटतो. इंजिनाचे टेकू बसविण्यासाठी चेसिसला वेल्डिंग केले जाते व तेथेच पुढे तडा जाण्याचा संभव असतो. रेडिएटर लहान पडतो. पुढील धुरीवर वाढलेल्या वजनाने कमानपाटे बसतात आणि स्टिअरिंग जड होते. ज्या व्हॅनमध्ये पुढील चाके ओढीची असतात, तिच्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच घरात असल्याने ही अदलाबदल अधिकच अवघड ठरते.

परंतु सर्वांत महत्त्वाचा भाग ब्रेकचा, आणि नेमका तोच विसरला जातो. गाडीचा वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर झाला की ती थांबविण्यासाठी ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा शोषावी लागते. घाट उतरताना ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ड्रममध्ये साठते, अस्तर तापते आणि पायाखालचा ब्रेक पकड सोडू लागतो. पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन आले तर आणखी एक अडचण उद्भवते. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्ती पेट्रोल इंजिन आपोआप पुरविते. डिझेल इंजिनास त्यासाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. तो न बसविल्यास चालकाला ब्रेक दगडासारखा कठीण लागतो. मोठे इंजिन खालच्या गिअरमध्ये उतारावर गाडी अधिक रोखून धरते हे खरे. मात्र चालकाने तो गिअर टाकला तरच.

कारखान्यांनीही जुन्या ढाच्यात नवी इंजिने बसविली आहेत. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि डिझेलची ओढ वाढली; १९८० मध्ये अ‍ॅम्बेसेडर मोटार डिझेल इंजिनासह आली. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याच मोटारीला १,८१७ घनसेंटिमीटरचे इसुझू इंजिन लाभले, तेव्हा त्यासोबत पाच गिअरचा गिअरबॉक्सही आला आणि स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा जमिनीवर गेला. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची मॅटाडोर तर गावोगावी इतकी परिचित झाली की कोणत्याही व्हॅनला लोक मॅटाडोर म्हणू लागले. तिलाही पुढे मर्सिडीजच्या आराखड्याचे डिझेल इंजिन मिळाले. फरक इतकाच की कारखान्याच्या बदलामागे आराखडा आणि चाचणी असते. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा चाचण्या करून प्रमाणपत्र देते. गॅरेजमधील बदलाची चाचणी घाटातच होते.

कायद्याची भूमिका याच फरकावर उभी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हेच तत्त्व उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर गाडी चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्याची वाट मात्र विहित अटींवर मोकळी आहे. इंजिनाची अश्वशक्ती वाढली म्हणून प्रमाणपत्रातील भारमर्यादा वा आसनसंख्या वाढत नाही, हेही अनेकांच्या ध्यानी येत नाही. प्रमाणपत्रातील वर्णन आणि रस्त्यावरील गाडी यांत तफावत आढळल्यास विमा कंपनी आक्षेप घेते आणि जखमींची भरपाई वादात अडकून पडते.

जुने इंजिन निकामीच झाले असेल तर त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसविणे हा सरळ मार्ग होय. त्यासाठी बुलढाणा येथील परिवहन कार्यालयात आधी अर्ज करावा, इंजिन खरेदीची पावती जोडावी आणि नवा इंजिन क्रमांक प्रमाणपत्रात चढवून घ्यावा. शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी गाडी ठरविताना मुख्याध्यापकांनी वा ग्रामसेवकांनी इंजिनावर कोरलेला क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहावा आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत तपासावी. यास दहा मिनिटेही लागत नाहीत.