प्रतीक्षागृहातील पडदा आणि जाहिरातींचा लिलाव

वैद्याच्या दारात बसलेल्या माणसाजवळ वेळ भरपूर असतो; मन मात्र ठिकाणावर नसते. हाती तपासणीचा अहवाल असतो, नाव केव्हा पुकारले जाईल इकडे कान लागलेला असतो आणि डोळे समोर जे असेल त्यावर खिळलेले असतात. पूर्वी त्या भिंतीवर लसीकरणाचे तक्ते आणि जुने कॅलेंडर असे. आता पुष्कळ रुग्णालयांत तेथे डिजिटल पडदा झळकतो. त्यावर आहाराविषयी दोन शब्द येतात, आणि लगेच मागोमाग एखादी जाहिरात येते. ती तेथे कोणी धाडली, तिचे मोल कसे ठरले आणि तिच्यावर देखरेख कोणाची, हे समजून घेण्यासारखे आहे.

लिलाव कसा चालतो

जुन्या पद्धतीत जाहिरातदार व पडद्याचा मालक समोरासमोर बसून महिन्याचा करार करीत. नव्या पद्धतीस ‘प्रोग्रॅमॅटिक’ म्हणतात. म्हणजे खरेदीविक्रीचा व्यवहार संगणकांनीच आपापसांत उरकावयाचा. पडद्यावर पंधरा सेकंदांची जागा रिकामी होणार असली, की विक्रेत्याच्या बाजूचा संगणक बाजारात तशी वर्दी देतो. पडदा कोणत्या गावी आहे, कशा प्रकारच्या दवाखान्यात आहे, वेळ कोणती आहे, एवढा तपशील त्या वर्दीत असतो. खरेदीदारांचे संगणक आपापली बोली लावतात, आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सौदा तुटतो. तथापि पडद्याच्या बाबतीत जाहिरातीचे चित्र आधी उतरवून घ्यावे लागते व मालकाची संमतीही आधीच मिळवावी लागते. म्हणून येथे लिलाव पुष्कळदा काही अवधी राखून केला जातो.

बंद पाकिटातील बोलींचे शास्त्र विल्यम विकरी ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडले. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्यास वस्तू द्यावी, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी घ्यावी. असे केल्यास प्रत्येकास खरी बोली लावण्यातच हित वाटते, असे त्यांनी दाखविले. १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जाहिरातींच्या बाजारात हीच रीत बरीच वर्षे रूढ होती. पुढे गूगलसारख्या मोठ्या बाजारानेही २०१९ साली ती सोडून ‘जो बोलेल तेच देईल’ ही साधी रीत स्वीकारली.

पाहणारे किती?

भाव ठरतो तो दर हजार दर्शनांमागे. हातातील फोनवर एका वेळी एकच माणूस पाहतो. भिंतीवरील पडदा अनेकजण पाहतात. मग मोजणी करावयाची कशी? येथे जॉन लिटल यांचा सिद्धांत उपयोगी पडतो. योगायोग असा, की त्याची सिद्धताही १९६१ सालचीच आहे. खोलीत सरासरीने किती माणसे असतात, हे काढावयाचे तर दर तासाला येणाऱ्यांच्या संख्येस प्रत्येकाच्या थांबण्याच्या वेळेने गुणावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दवाखान्यात तासाला ६० रुग्ण येतात व प्रत्येकजण २० मिनिटे थांबतो. तेव्हा कोणत्याही क्षणी खोलीत सरासरी २० माणसे असणार. त्यांतील निम्म्यांची नजर पडद्याकडे आहे असे धरले, तर जाहिरातीच्या एका फेरीस १० दर्शने मिळाली. दर पाच मिनिटांनी एक ह्याप्रमाणे आठ तासांत ९६ फेऱ्या, म्हणजे ९६० दर्शने. हजारी भाव २०० रुपये धरल्यास दिवसाचे १९२ रुपये झाले. त्यांतून मध्यस्थांचा वाटा वजा जावयाचा. दिवसाकाठी माणसे मात्र ४८०च आली. प्रत्येकाने तीच जाहिरात सरासरी दोनदा पाहिली. दर्शने आणि माणसे ह्या दोन आकड्यांची गल्लत करणाऱ्याचा हिशेब येथेच फसतो. आणि ‘निम्म्यांची नजर’ हे केवळ गृहीत आहे, हेही विसरता कामा नये. ते बदलले की सारे उत्पन्न बदलते.

शिकागोचा धडा

खोटा आकडा कोठवर नेतो, ह्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. शिकागो येथील एका कंपनीने २००६ साली कॉन्टेक्स्टमीडिया ह्या नावाने आरंभ करून डॉक्टरांच्या दवाखान्यांत पडदे व टॅब्लेट बसविले. पुढे ती आउटकम हेल्थ ह्या नावाने प्रसिद्धीस आली. औषध कंपन्या तिच्या मुख्य ग्राहक होत्या. परंतु हाताशी नसलेली जागा तिने विकली, ठरल्याहून कमी ठिकाणी जाहिराती दाखविल्या आणि पैसे मात्र पुरते घेतले. अशा रीतीने जाहिरातदारांकडून किमान साडेचार कोटी डॉलर जादा उकळल्याचे सरकारी पक्षाने मांडले. २०१७ साली वृत्तपत्राने हे प्रकरण उघडकीस आणले. २०२३ साली संस्थापकांसह तिघा माजी अधिकाऱ्यांना ज्यूरीने दोषी ठरविले, आणि २०२४ साली माजी मुख्य अधिकाऱ्यास साडेसात वर्षांची कारावासाची शिक्षा झाली.

संगणक लिलाव बिनचूक करील. परंतु पडदा खरोखरच चालू होता काय, हे कोणीतरी त्रयस्थाने तपासलेच पाहिजे. म्हणून प्रत्येक जाहिरात कोणत्या पडद्यावर कोणत्या क्षणी दिसली ह्याची नोंद ठेवणे, आणि ती स्वतंत्र परीक्षकास खुली असणे, ही अशा भागीदारीची पहिली अट होय.

रुग्णालयाने काय पाहावे

दुसरी अट, काय दाखवावयाचे नाही हे आधी ठरविण्याची. विशिष्ट औषधे लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचा असला, तरी अमेरिकेत अशा औषधांची जाहिरात थेट जनतेस करता येते. आपल्याकडील मर्यादा कडक आहेत. १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मधुमेह, कर्करोग इत्यादी रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींस बंदी आहे. १९९२च्या कायद्याने अर्भकांच्या कृत्रिम दुधाची व दूधबाटलीची जाहिरात करता येत नाही; प्रसूतिगृहातील पडद्यास हा निर्बंध विशेष महत्त्वाचा. तंबाखूची गोष्ट बोलावयासच नको. ही यादी बाजाराच्या हवाली न करता लिलावापूर्वीच संगणकास बजावून ठेवावी, आणि प्रत्येक नवे चित्र रुग्णालयाच्या माणसाने डोळ्यांखालून घालावे.

तिसरी अट खासगीपणाची. कर्करोग विभागातील पडदा एकटा असता कोणाचे नाव जाणत नाही. पण तेथे बसलेल्याच्या फोनचा ठावठिकाणा त्यास जोडला, की त्या माणसाचा आजार बाजारात उघडा पडतो. तेव्हा वर्दीत जागा आणि वेळ असावी. व्यक्ती असू नये. कॅमेऱ्याने चेहरे टिपण्याचा मोहही टाळावा. आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. परंतु कायद्याची वाट न पाहताही ही मर्यादा पाळता येते.

शेवटची गोष्ट वाटणीची. पैशाच्या वाटणीबरोबर वेळेचीही वाटणी करारात लिहिलेली असावी: इतका वेळ आरोग्यशिक्षणास, इतका जाहिरातीस; आणि आपत्काली सारा पडदा रुग्णालयाचा. बाजारातील ग्राहकास दुकान आवडले नाही तर तो उठून जातो. प्रतीक्षागृहातील रुग्णास तसे जाता येत नाही. त्याच्या ह्या अगतिक लक्षाचे जे मोल येते, त्यातील काही भाग त्याच्याच सेवेत परत आला, तरच तो पडदा त्या भिंतीवर शोभेल.