नारिंगी रंगाचं बिनपायलट विमान : प्रदर्शनासाठी मॉडेल करताय? मग आधी हे वाचा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात विमानाची मॉडेल्स दरवर्षी असतात. लढाऊ विमान म्हटलं की पोरं हिरवा-तपकिरी रंग काढतात, वर काचेची केबिन बसवतात आणि खाली खेळण्यातल्या गाडीची चाकं चिकटवतात. यंदा जरा वेगळं काही करायचं असेल तर एक विमान सुचवतो. त्याला केबिन नाही, चाकं नाहीत आणि रंग एवढा भडक की कोसभरावरून डोळ्यात भरावा. हे आहे जेट इंजिनाचं 'टार्गेट ड्रोन', म्हणजे नेमबाजीच्या सरावासाठी उडवलं जाणारं बिनपायलट विमान.

हे विमान कशासाठी?

नगरजवळचं के. के. रेंज असो की नाशिकजवळचं देवळाली, लष्कराचा सराव आपल्या भागाला नवा नाही. पण जमिनीवरच्या निशाणावर तोफ डागणं वेगळं आणि आकाशात ताशी शेकडो किलोमीटर वेगानं जाणाऱ्या विमानावर नेम धरणं वेगळं. तो सराव करायला हलतं निशाण लागतं.

पूर्वी एक विमान लांब दोरीनं कापडी निशाण ओढत न्यायचं आणि खालचे तोफची त्यावर गोळ्या झाडायचे. ओढणाऱ्या विमानात माणूस बसलेला असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निशाणाऐवजी त्या विमानालाच गोळ्या लागल्याचे प्रकार घडले. ती खुर्ची रिकामी करणं हा टार्गेट ड्रोनचा मोठा फायदा.

यातलं जगभर गाजलेलं नाव अमेरिकेच्या रायन कंपनीचं 'फायरबी'. त्याचं पहिलं उड्डाण 1951 साली झालं. पुढं त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि सगळी मिळून 7,000 च्या वर विमानं बनली. आपल्याकडं याच जातीचं विमान म्हणजे 'लक्ष्य'. ते डीआरडीओच्या बेंगळुरू इथल्या संस्थेनं विकसित केलं आणि त्याचं जेट इंजिन हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं आहे. ओडिशातल्या चांदीपूरच्या समुद्रकिनाऱ्यावरून त्याच्या चाचण्या होत आल्या आहेत.

रंग भडक का?

परीक्षक हा प्रश्न विचारणारच, म्हणून उत्तर नीट समजून घ्या. क्षेपणास्त्राला रंगाशी देणंघेणं नसतं. ते इंजिनाच्या उष्णतेवर किंवा रडारवर चालतं. उलट विमान लहान असल्यामुळं रडारवर ते मोठ्या विमानाएवढं दिसावं म्हणून त्यात वेगळी उपकरणं बसवतात.

रंग आहे तो माणसांच्या डोळ्यांसाठी. एक म्हणजे, सरावाचं विमान कुठं आहे आणि इतर विमानं कुठं, यात गफलत झाली तर जिवावर बेतेल. दुसरं म्हणजे, सराव संपला की हे विमान इंजिन बंद करून पॅराशूटनं खाली येतं. बऱ्याचदा समुद्रात पडून तरंगत राहतं आणि त्याला शोधून, उचलून, दुरुस्त करून पुन्हा उडवायचं असतं. निळ्या-करड्या पाण्यात करड्या रंगाचं विमान हेलिकॉप्टरमधून कसं सापडणार?

दर वेळी ते पाडतातच असंही नाही. नेम किती अंतरानं चुकला हे मोजणारी यंत्रणा असते, त्यामुळं विमान शाबूत ठेवूनही सराव होतो.

रेडियम आणि हा रंग एक नव्हे

उसाच्या ट्रॉलीला मागं 'रेडियम' लावतात, ते रात्री दिव्याचा उजेड पडला की तो परत फेकतं. अंधारात उजेडच नसेल तर ते दिसत नाही. टार्गेट ड्रोनचा फ्लोरोसंट नारिंगी रंग दिवसाचं काम करतो. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळा प्रकाश तो शोषून घेतो आणि नारिंगी प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो. म्हणून साध्या नारिंगीपेक्षा तो पेटल्यासारखा दिसतो.

माप कसं काढायचं?

फायरबीच्या बीक्यूएम-34ए या प्रकाराची लांबी सुमारे 6.98 मीटर आणि पंखांचा पसारा सुमारे 3.93 मीटर. मॉडेलसाठी 1:20 प्रमाण सोपं पडतं, कारण खऱ्या विमानाचा एक मीटर म्हणजे मॉडेलचे पाच सेंटिमीटर. म्हणजे मॉडेलची लांबी जवळपास 35 सेंटिमीटर आणि पंखांचा पसारा साधारण 19.7 सेंटिमीटर.

बाकीची मापं फोटोवरून काढायची. बरोबर बाजूनं घेतलेला फोटो किंवा आकृती घ्या, तिरका फोटो चालणार नाही. समजा फोटोत विमान 14 सेंटिमीटर लांब आहे. 35 भागिले 14 म्हणजे अडीच. आता फोटोतलं शेपटीचं, पोटाचं, नाकाचं प्रत्येक माप अडीचनं गुणा. सहावी-सातवीतलं गुणोत्तर इथं कामाला येतं. ही आकडेमोड एका कागदावर लिहून मॉडेलशेजारी ठेवा.

बांधणी

अंगासाठी कापड दुकानात ताग्याच्या आत असते तशी पुठ्ठ्याची नळी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा चालतो. फोटोवरून निघालेल्या जाडीला जवळची नळी निवडा. नाक निमुळतं आहे, ते कागदाचा लगदा आणि फेविकॉलनं घडवा. हवा आत घेण्याचं तोंड नाकाच्या खाली आहे आणि इंजिनाचा फुगवटा पोटाखाली. जळलेला वायू शेपटीच्या खालून बाहेर पडतो. हा खालचा भाग वेगळा करून चिकटवा, कारण फायरबीची ओळखच ती आहे.

पंख मागं झुकलेले आहेत. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांबूची पातळ कामटी घालून चिकटवले तर वाकत नाहीत. दोन्ही पंख एका कोनात आहेत का, हे समोरून बघून तपासा. सांध्यांवर लांबी भरा, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासा. चाकं नाहीत, त्यामुळं जाड तारेचा स्टँड करा. खरं विमान एक तर मोठ्या विमानाच्या पंखाखालून सोडतात, नाहीतर जमिनीवरून रॉकेटच्या धक्क्यानं उडवतात.

रंगकाम : इथंच बिघडतं

फ्लोरोसंट रंग पातळ, अर्धपारदर्शक असतो. तपकिरी पुठ्ठ्यावर तो थेट मारला तर मळकट दिसतो आणि पोरं वर थरावर थर चढवत बसतात. आधी सगळ्या मॉडेलला पांढरा हात द्या, तो पूर्ण वाळू द्या. मग नारिंगीचे दोन-तीन हलके हात, प्रत्येक हातानंतर वाळायला वेळ देऊन. स्प्रेचा डबा वीत-सव्वा वीत लांब धरा. मोकळ्या हवेत, तोंडाला फडकं बांधून, चुलीपासून लांब आणि मोठं माणूस सोबत असतानाच हे काम करा.

थर्माकोल वापरला असेल तर जपून. बऱ्याच स्प्रे रंगांतल्या द्रावणानं थर्माकोल विरघळतो आणि मेहनतीनं घडवलेल्या नाकाला खड्डे पडतात. त्याच्यावर आधी फेविकॉलचा थर द्या किंवा पाण्यातला रंग वापरा. तयार मॉडेल उन्हात ठेवू नका, हा रंग उन्हानं लवकर विटतो.

शेवटची गोष्ट

बाजारात तयार मॉडेल मिळतात आणि ती गुळगुळीत दिसतात. तुमच्या मॉडेलच्या एखाद्या सांध्यात फट राहिली तरी चालेल. पण "केबिन कुठाय?" असं कुणी विचारलं, तर ती का नाही हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. माणसाचा जीव धोक्यात जाऊ नये म्हणून ती जागा रिकामी ठेवली आहे. एवढं एक वाक्य पोरानं समजून सांगितलं तर मॉडेलचं काम झालं.