चावी हातात दिली तरी काम संपत नाही

वेबसाइट बनवून घेणे म्हणजे घर बांधून घेणे, चावी हातात आली की हिशेब मिटला, असे बहुतेक ग्राहकांना वाटते. या धंद्यातली निम्मी भांडणे याच समजातून होतात. माझी एक माजी विद्यार्थिनी भिवंडीत घराच्या माळ्यावर, दोन मुलींना हाताशी घेऊन हे काम करते. शाळा, दवाखाने, कापडवाले, कॅटरर हे तिचे ग्राहक. मुलामुलींना या कामात घालू पाहणाऱ्या पालकांसाठी तिच्याकडून ऐकलेले इथे लिहीत आहे.

ती शिकत होती तेव्हा फ्लॅशचा जमाना होता. हलती अक्षरे, उडती फुले, मागे संगीत! क्लासवाले तेच शिकवत. 2007 मध्ये आयफोन आला, त्यावर फ्लॅश चालत नव्हते. एप्रिल 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी खुले पत्र लिहून ते का चालवणार नाही हे सांगितले, आणि 31 डिसेंबर 2020 ला ॲडोबीने फ्लॅश बंदच केले. ज्यांना फक्त फ्लॅश येत होते त्यांचे हुनर असे कागदावर राहिले. तिच्या हाती एचटीएमएल आणि सीएसएस होते, म्हणून ती तरली.

पुढे मोबाइलची पाळी आली. एकच पान लहानमोठ्या पडद्यावर आपोआप बसावे, ही पद्धत ईथन मार्कॉट यांनी 2010 मध्ये मांडली. एप्रिल 2015 पासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना गूगल मोबाइलवरच्या शोधात झुकते माप देऊ लागले आणि जुने ग्राहक धावत आले. जुलै 2018 मध्ये क्रोमने कुलूप नसलेल्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असे लिहायला सुरुवात केली, तेव्हाही तेच. “मॅडम, तुम्ही काय बिघडवलं?” असे फोन. बिघडले काहीच नव्हते, जगाचा नियम बदलला होता. पण हे ग्राहकाला समजावणे म्हणजे नववीला व्याकरण शिकवण्याइतके कठीण, हे मी अनुभवाने सांगते.

मला स्वतःला रस वाटला तो लिपीच्या भागात. उर्दू नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे तिरपा उतरत येतो, अक्षरे एकमेकांवर चढतात. म्हणून वर्षानुवर्षे लोक इनपेजमध्ये मजकूर जुळवून त्याचे चित्र साइटवर टाकत. दिसायला सुंदर, पण गूगलला त्यातला एक हर्फ वाचता येत नसे आणि मोबाइलवर ते चित्र मुंगीएवढे होई. मराठीचे दुखणे वेगळे. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. युनिकोडने दोन्ही प्रश्न सोडवले, मात्र जुना माल नव्यात आणणे शिल्लक राहिले. नस्तालीकला ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीत शिरतात. एकाच वाक्यात उर्दू आणि मराठी आले की पानाची दिशा गोंधळते, पूर्णविराम भलतीकडे जाऊन बसतो. तयार साच्यावर साइट काढून देणाऱ्याला हे कळत नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या मुलीला दिसताक्षणी कळते. आपल्या घरांतल्या मुलींकडे हे भांडवल आहे, पण त्याला भांडवल म्हणायची आपल्याला सवय नाही.

पैशांबाबत तिचे नियम कडक आहेत. निम्मी रक्कम आधी, देखभालीचे पैसे दरवर्षी वेगळे, आणि तेही लेखी. नातेवाईक असला तरी. साइटचे नाव ग्राहकाच्याच नावावर नोंदवायचे. एका दवाखान्याचे नाव आधीच्या माणसाने स्वतःच्या नावावर ठेवले होते. तो फोन उचलेना, मुदत संपली आणि पत्ताच गेला.

आता दोन मिनिटांत पान बनवून देणारी यंत्रे आली आहेत. साधी कामे कमी झाली, हे ती मान्य करते. सध्या तिच्याकडे एका ग्रंथालयाची जुनी उर्दू साइट आहे, सगळी पाने चित्रांची. तिघी मिळून ती पुन्हा टाइप करतात, एक वाचते, दुसरी तपासते. ग्राहक म्हणाला होता, पंधरा दिवसांत द्या. तिने तीन महिने लिहून घेतले आहेत.