थिओपोलिस : नाव बदलले, नगर कोणी राखले?

६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपांनी तुर्कस्तानातील अंताक्या या शहराचा फार मोठा भाग जमीनदोस्त केला. तेथे आता पुनर्बांधणी सुरू आहे. या भूमीला हा अनुभव नवा नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी बायझंटाईन राजवटीत हे नगर पुन्हा उभारले गेले, तेव्हा त्याचे नावही बदलण्यात आले होते.

चंद्रगुप्त मौर्याशी तह करणारा म्हणून आपल्याला परिचित असलेल्या सेल्युकस निकेटरने इ.स.पू. ३०० मध्ये ओरोंतेस नदीकाठी हे नगर वसवले आणि पित्याच्या नावावरून त्याला अँटिओक म्हटले. मराठी बायबलमधील ‘अंत्युखिया’ ते हेच.

मे ५२६ मध्ये भूकंप झाला आणि पाठोपाठ आग भडकली. इतिहासकार मलालास मृतांची संख्या अडीच लाख देतो. पुनर्बांधणी सुरू असतानाच नोव्हेंबर ५२८ मध्ये दुसरा हादरा बसला. त्यानंतर सम्राट जस्टिनियनच्या राजवटीत नगराला ‘थिओपोलिस’, म्हणजे देवाचे नगर, हे नाव मिळाले. ते नाण्यांवरही उमटले.

या नावाने नगराचे रक्षण मात्र झाले नाही. ५४० मध्ये इराणचा सम्राट पहिला खुस्रो याने ते जिंकून जाळले. बंदी केलेल्या नागरिकांसाठी त्याने आपल्या तेसिफोन या राजधानीजवळ नवे नगर वसवले आणि त्याला ‘अँटिओकहून सरस’ अशा अर्थाचे नाव दिले. मूळ नगराने सोडलेले नाव असे शत्रूच्या राज्यात नांदू लागले.

जस्टिनियनने नगर पुन्हा बांधले. प्रोकोपियस लिहितो की, राखेच्या ढिगाऱ्यांत आपले घर कोठे होते हेही नागरिकांना ओळखता येईना. सम्राटाने ढिगारे उपसले, रस्ते आखले, पाण्याची व्यवस्था केली, तटबंदीचा घेर आवळला आणि लोकांना घरे बांधणे सोपे जावे म्हणून कारागीर आणवले. हा ग्रंथ सम्राटाच्या स्तुतीसाठीच लिहिलेला असल्याने त्यातील वैभवाचे वर्णन जपूनच वाचावे लागते. घर हरवलेल्या नागरिकाची ती नोंद मात्र आजही तितकीच खरी वाटते.

पुढे ‘थिओपोलिस’ हे नाव मागे पडले. लोकांच्या तोंडी जुनेच राहिले. अरबीत ते ‘अंताकिया’ झाले, तुर्कीत ‘अंताक्या’. राजाज्ञेने दिलेले नाव टिकले नाही, बोलणाऱ्यांनी जपलेले टिकले. म्हणूनच आजच्या पुनर्बांधणीत किती इमारती उभ्या राहिल्या याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो, विस्थापित झालेले किती रहिवासी आपल्या गल्लीत परततात हा.