छपरावर पॅनेल, तरी घरात अंधार का?

पारसचे औष्णिक वीज केंद्र आपल्या बाळापूर तालुक्यातच आहे. 250 मेगावॅटचे 2 संच तिथे चालतात. तरी मे-जूनमध्ये वावटळ सुटली, तार तुटली की वस्तीत रात्रभर लाइन नसते. लेकरांना पदराने वारा घालत आयाबहिणी बसतात. दहावी-बारावीच्या मुलांचा अभ्यास बुडतो तो वेगळाच.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. अनुसूचित जातीच्या ज्या कुटुंबाचा वापर महिन्याला 100 युनिटच्या आत आहे, त्याला 1 किलोवॅटच्या पॅनेलसाठी केंद्राचे 30,000 व राज्याचे 15,000 रुपये देण्याची योजना 2025 मध्ये राज्याने आखली. जातीचा दाखला काढून ठेवला असेल तर तो इथे कामास येतो. 1 किलोवॅटवर दिवसाला सुमारे 4 युनिट वीज तयार होते. बिल उतरते, यात शंका नाही.

परंतु पॅनेल बसले म्हणजे लाइन गेल्यावरही दिवे लागतील, असा पुष्कळांचा समज आहे. तसे होत नाही. लाइन गेली की हे पॅनेल, भर दुपार असली तरी, आपोआप बंद पडते. नाहीतर छपरावरची वीज उलट तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेईल. तोही कोणाचा तरी बाप-भाऊ असतो. म्हणून ही सोय बंद करून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला दारातूनच परत पाठवा.

रात्रीसाठी बॅटरीच लागते, आणि तिला वेगळे अनुदान नाही. घरात नेहमी बसवतात ती 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी धरा. ती निम्मीच वापरावी, म्हणजे टिकते. तेवढ्यावर 75 वॅटचे 2 पंखे आणि 9 वॅटचे 3 दिवे साधारण 4 तास चालतात. 30 वॅटचे नवे पंखे घेतले तर तीच बॅटरी 8 तास पुरते. तेव्हा मोठ्या बॅटरीआधी पंखे बदला, हे आमचे स्पष्ट मत आहे. फ्रिज, इस्त्री, मोटर तिच्यावर लावू नका. वऱ्हाडच्या उन्हात तापत्या टिनाखाली बॅटरी लवकर खराब होते. सावलीची, हवेशीर, लेकरांचा हात न पोचेल अशी जागा द्या आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहत जा.

साधा इन्व्हर्टर लाइनवरच चार्ज होतो. लाइन नसतानाही उन्हावर बॅटरी भरायची असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, तो महाग पडतो.

काही ठिकाणी कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनेल लावते आणि आपण युनिटप्रमाणे पैसे भरतो. सूर्यघर योजनेतील या पद्धतीत पॅनेल किमान 5 वर्षे कंपनीच्या मालकीचे राहते, मग घरमालकाचे होते. तोवर त्याला हायब्रिड इन्व्हर्टर जोडता येईल का, बिघाड झाला तर दुरुस्ती कोणाची, घर विकले तर काय, हे करारावर अंगठा किंवा सही करण्याआधी विचारा. कागद इंग्रजीत असेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. बॅटरी आपल्या पैशाची असेल तर तिची पावती आपल्याच नावाची हवी.