दोन प्रणालींचा संगणक सुरू होत नाही तेव्हा

नारायणगावजवळच्या खोडद येथे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे आणि अशा दुर्बिणींच्या नोंदींतून आकाशाच्या प्रतिमा घडवण्यासाठी वापरले जाणारे ‘कासा’ हे सॉफ्टवेअर लिनक्स व मॅक यांच्यासाठी बनवलेले आहे, विंडोजसाठी नाही. याउलट मराठी मजकुराच्या जुळणीसाठी पुण्यात तयार झालेली ‘श्रीलिपी’ आणि व्यापाऱ्यांच्या हिशेबाचे ‘टॅली’ विंडोजवर वापरली जातात. त्यामुळे ज्याला ही दोन्ही प्रकारची कामे करायची असतात, तो एकाच लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचे सर्व भाग चालवणाऱ्या दोन मूळ प्रणाली, शेजारी शेजारी बसवतो. अशा यंत्राने सुरू व्हायचे नाकारले की ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हा सल्ला लगेच मिळतो; परंतु बहुतेक वेळा तो अनावश्यक असतो, कारण बिघाड साठवलेल्या माहितीत नसून तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत असतो.

ही वाट टप्प्याटप्प्याची आहे. बटण दाबताच मदरबोर्डवरील चिपमध्ये कायमची साठवलेली आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, जागी होते; पूर्वी तिला बायोस म्हणत, आता तिची जागा यूईएफआयने घेतली आहे. फर्मवेअर आपल्या नोंदीतील क्रम पाहून डिस्कच्या एका छोट्या, खास राखून ठेवलेल्या भागातील बूटलोडर उचलते, आणि हा बूटलोडर निवडलेल्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणून त्याच्या हाती कारभार सोपवतो. लिनक्सचा प्रचलित बूटलोडर ‘ग्रब’ हा असून दोन प्रणालींतून निवड करण्याची यादी तोच दाखवतो. दुरुस्ती करणाऱ्याने सर्वप्रथम एवढेच ठरवायचे असते की यंत्र यांपैकी कोणत्या टप्प्यावर अडले आहे.

यादी न दिसता थेट विंडोज सुरू होत असेल, तर अनेकदा एखाद्या अपडेटनंतर फर्मवेअरमधील क्रम बदललेला असतो. जुन्या बायोसच्या यंत्रांवर विंडोज नव्याने टाकले की डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांमधील ग्रबचा आरंभ पुसला जाई; यूईएफआयमध्ये प्रत्येक प्रणालीचा बूटलोडर वेगळ्या फोल्डरमध्ये राहत असल्याने तो सहसा शाबूत असतो आणि फर्मवेअरच्या पडद्यावर जाऊन लिनक्सला पहिला क्रमांक दिला की काम भागते. याच्या उलट, यादी दिसते पण तीत विंडोज नाही, असेही घडते. 2021 मधील ग्रबच्या 2.06 या आवृत्तीपासून इतर प्रणालींचा शोध मुळातच बंद ठेवलेला असल्याने तो सेटिंगमध्ये चालू करून यादी पुन्हा तयार करावी लागते. ‘ग्रब रेस्क्यू’ असे शब्द आले, तर ग्रबला आपल्याच उर्वरित फाइली सापडत नाहीत असे समजावे, आणि विंडोजमधून डिस्कचे विभाग अलीकडे हलवले किंवा पुसले होते का, हे आधी आठवावे.

सर्वांत बोधक प्रकरण ऑगस्ट 2024 मधील आहे. ‘सिक्युअर बूट’ म्हणजे केवळ विश्वासार्ह सही असलेला बूटलोडरच चालू देणारी सुरक्षा. मायक्रोसॉफ्टच्या त्या महिन्याच्या अपडेटने जुने, धोकादायक ठरलेले बूटलोडर नाकारण्याची तरतूद केली. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना ती लागू होणार नव्हती, पण अशी अनेक यंत्रे ओळखलीच गेली नाहीत आणि त्यांच्यावरील लिनक्स अडून बसले. उपाय असा होता की सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये शिरावे, तो नवा नियम काढून टाकावा, लिनक्सचा बूटलोडर अद्ययावत करावा आणि सुरक्षा पुन्हा चालू करावी. यात डिस्कवरील एकही फाइल पुसावी लागत नव्हती. मात्र विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर असा बदल करताच 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, म्हणून ती हाती असल्याशिवाय फर्मवेअरला हात लावणे धोक्याचे आहे.

विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद ठेवणे हिताचे, कारण त्यामुळे यंत्र पूर्ण बंद न होता अर्धवट निद्रेत जाते आणि लिनक्सला विंडोजच्या विभागात काही लिहिता येत नाही. घड्याळ साडेपाच तास मागे दिसणे हा मात्र बिघाड नाही: लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजते.

यांपैकी कोणताही उपाय करण्यापूर्वी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर काहीही न बसवता चालणाऱ्या प्रणालीतून, यंत्र सुरू करून महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. असा पेनड्राइव्ह आणि रिकव्हरी कीची कागदावरील प्रत यंत्र सुरळीत चालू असतानाच तयार करून ठेवावी, आणि दुरुस्तीला देताना ‘आधी फाइली काढा, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ असे स्पष्ट सांगावे.