ओल्गा लादिझेन्स्काया

ओल्गा अलेक्सांद्रोव्हना लादिझेन्स्काया (७ मार्च १९२२, कोलोग्रिव्ह – १२ जानेवारी २००४, सेंट पीटर्सबर्ग) या रशियन गणितज्ञ होत्या. आंशिक अवकल समीकरणे आणि द्रायुगतिकी, म्हणजे द्रव व वायू यांच्या गतीचे शास्त्र, या विषयांतील कार्यासाठी त्या ओळखल्या जातात.

जीवन

कोलोग्रिव्ह हे रशियाच्या कोस्त्रोमा प्रांतातील एक लहान गाव. ओल्गा यांचे वडील तेथे गणिताचे शिक्षक होते व मुलीला गणिताची गोडी त्यांनीच लावली. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीत त्यांना अटक करून ठार मारण्यात आले. ‘लोकशत्रूची मुलगी’ असा शिक्का बसल्याने, १९३९ मध्ये शालेय शिक्षण उत्तम रीतीने पूर्ण करूनही ओल्गा यांना लेनिनग्राड विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही. त्यांनी शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. परंतु महायुद्धामुळे त्या गावी परतल्या आणि शाळेत गणित शिकवू लागल्या. १९४३ मध्ये त्यांना मॉस्को विद्यापीठात प्रवेश मिळाला. तेथे इव्हान पेत्रोव्हस्की हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९४७ मध्ये पदवी घेऊन त्या लेनिनग्राडला गेल्या. ज्या विद्यापीठाने त्यांना प्रवेश नाकारला होता, तेथेच त्यांनी पुढे अध्यापन केले. स्तेक्लोव्ह गणित संस्थेच्या लेनिनग्राड शाखेतील गणितीय भौतिकी प्रयोगशाळेच्या त्या अनेक वर्षे प्रमुख होत्या. त्यांच्या वडिलांना १९५६ मध्ये मरणोत्तर निर्दोष ठरविण्यात आले.

संशोधन

पाणी, हवा यांसारख्या श्यान द्रायूंची गती नेव्हिए-स्टोक्स समीकरणांनी मांडली जाते. प्रवाहाची आरंभीची स्थिती दिली असता पुढील सर्व काळासाठी या समीकरणांची एक आणि एकच उकल मिळते का, हा त्यांतील मूलभूत प्रश्न आहे. उकल एकमेव नसेल, तर समीकरणांवरून प्रवाहाचे भाकीत निश्चितपणे करता येणार नाही. फ्रेंच गणितज्ञ झाँ लरे यांनी १९३४ मध्ये त्रिमितीय प्रवाहासाठी ‘दुर्बल’ उकल अस्तित्वात असते हे दाखविले; मात्र ती एकमेव असल्याचे सिद्ध झाले नाही.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस लादिझेन्स्काया यांनी भिंतींनी बंदिस्त क्षेत्रातील द्विमितीय प्रवाहासाठी या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर सिद्ध केले. त्यासाठी वापरलेली असमता आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. प्रवाहाची ऊर्जा मर्यादित असल्यास, द्विमितीत या असमतेच्या आधारे समीकरणांतील अरेषीय पद काबूत ठेवता येते. त्रिमितीत भोवरे ताणले जाऊन अधिक तीव्र होऊ शकतात आणि हा मार्ग अपुरा पडतो. त्रिमितीय प्रश्न आजही अनुत्तरित असून क्ले गणित संस्थेने २००० मध्ये त्यासाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले.

तीव्र बदलांच्या प्रवाहांना ही समीकरणे पुरेशी लागू पडतात का, अशी शंकाही लादिझेन्स्काया यांनी मांडली. श्यानता वेगातील बदलाबरोबर वाढते असे मानून त्यांनी सुधारित समीकरणे सुचविली. त्यांची त्रिमितीतही एकमेव उकल असते, हे त्यांनी सिद्ध केले. श्यान असंपीड्य द्रायूंवरील त्यांचा १९६१ चा ग्रंथ या विषयातील पायाभूत ग्रंथ मानला जातो. प्रवाहाची संगणकीय आकडेमोड स्थिर राहण्यासाठी वेग व दाब यांच्या मांडणीवर घातली जाणारी अट लादिझेन्स्काया-बाबुश्का-ब्रेझी अट म्हणून प्रसिद्ध आहे.

सन्मान

१९५८ च्या फील्ड्स पदकासाठी त्यांच्या नावाचा विचार झाला होता. १९९० मध्ये त्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पूर्ण सदस्य झाल्या, तर २००२ मध्ये त्यांना रशियन विज्ञान अकादमीचे लोमोनोसोव्ह सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, २०२२ मध्ये, त्यांच्या नावाने गणितीय भौतिकीसाठी पारितोषिक देण्यास प्रारंभ झाला.